आडवा आलेला बाटला

आमच्या अंबडच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग करणारे एक काका आहेत. ऑक्सिजनच्या बाटल्याला हात लावण्याआधी ते साबणाने हात धुतात, कारण तेलकट हात आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही. मग व्हॉल्व्ह इतका हळू उघडतात, की मी घड्याळ बघायला लागतो. मी इंजिनियर आहे, मला नेहमीच घाई असते.

परवा ॲसिटिलीन संपलं आणि टेम्पो काही येईना. मग मी फार हुशारी दाखवत भरलेला बाटला माझ्याच गाडीत, मागच्या सीटवर आडवा घालून आणला.

"काका, जोडा पटकन."

काकांनी बाटला उभा केला, साखळीने भिंतीला बांधला आणि त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले.

"आता दुपारनंतर. झोपून आलाय तो. आत पातळ ॲसिटोन असतंय, त्यात गॅस मुरलेला हाय. आत्ता उघडला तर ते पातळबी नळीत शिरंल. मग भडका माझ्या तोंडावर, तुमच्या नाय."

"मालक ओरडतील."

"वरडू द्या."

मालकांचे तीन फोन आले. ते मी घेतले. काकांनी डबासुद्धा त्याच स्टुलावर बसून खाल्ला. डबा बंद करताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "सायेब, कालेजात शिकवत नाय का हे?"

"नाही," मी म्हणालो.

शिकवतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला पूर्ण मार्क होते. 'बाटला नेहमी उभाच ठेवावा' या वाक्याखाली मी पट्टीने रेघही मारली होती.