टॉवेलाखालचा सौदा

नव्या गुळाचा वास आला की नाकाआधी माझ्या उजव्या हाताला कळतं. काल आप्पांच्या शोकसभेला निघालो आणि बाजाराच्या कोपऱ्यावर तोच वास आला.

नव्वदच्या दशकातली दुपार. गुळाचे मोठे व्यापारी असलेल्या आप्पांच्या पेढीवर, गगनबावड्याकडच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायची बैठक होती. कुणीतरी म्हणालं, देणग्या माईकवर जाहीर करू. आप्पा गरजले, "भोंगा नगं! बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवतोय की आपण, तसंच करायचं!"

खांद्यावरचा टॉवेल त्यांनी हातावर पसरला. एकेक जण आत हात घालून बोटं दाबू लागला. आधी बडे अडते, मग गुळानं चिकट झालेल्या हातांचे हमाल. आप्पा प्रत्येकाला तेवढ्याच मोठ्यानं म्हणत, "सौदा झाला!"

माझी पाळी आली. मी बिनपगारी मास्तर. हात आत घातला, पण दाबायला बोट उचलेना. आप्पांनी आतल्या आत माझी मूठच घट्ट धरली. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही आणि पत्रे दणाणतील असे ओरडले, "सौदा झाला!"

त्या वसतिगृहात पुढं मी कितीतरी वर्षं मुलींना फुकट गणित शिकवलं.

काल सभेत वक्ते एकमेकांना विचारत होते, वसतिगृहाला आप्पांनी स्वतः किती दिले होते? कुणालाच सांगता येईना. येणार कसं? सगळ्यांचे आकडे ज्या हातानं ऐकले, त्या हाताचा आकडा कुणी ऐकलाच नव्हता.