आप्पांच्या गेमला बसवलेले दिवे

आप्पांना विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी जेऊरहून शहरात आले, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर उभे राहिले. काचबिंदूनं कडेचं दिसणं गेलं तेव्हा शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. कारखान्याच्या शेडमध्ये चार मागांना मिळून एक ट्यूब होती. मी कामगार संघटनेचं काम करते; त्यावर मी पत्रक काढलं, मालकाला ठळक अक्षरात जाब विचारला. कमी उजेडानं काचबिंदू होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पत्रकात मी ते घातलं नाही. आप्पांचा फोटो मात्र घातला.

त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती. माझ्या शाळेच्या दिवसांतला, हातात धरून खेळायचा गेम. वरून ठोकळे पडतात, ते डावी-उजवीकडे सरकवून ओळ भरायची. समोरचं मधलं त्यांना अजून दिसायचं, म्हणून पडदा नाकाशी धरून खेळायचे. टीव्ही बंद केला होता, माणसंही नकोशी झाली होती. निदान एवढं तरी त्यांचं सुटू नये, असं मला वाटे. एकदा त्यांचा अंगठा बटणाच्या बाजूला पडलेला दिसला. एकदाच. मी ठरवून टाकलं की बटणांखाली दिवे पाहिजेत.

गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. त्याच्याकडे मोहरीएवढे एलईडी होते.

"कुणासाठी?"

"वडिलांसाठी."

"त्यांनी सांगितलंय का?"

"दिसत नाही त्या माणसानं आता अर्ज करायचा का?"

"तसं न्हाय ताई, विचारा की एकदा. सगळ्या गावाला विचारत फिरता तुमी."

"गावाला सांगत फिरते," मी म्हणाले. तो हसला.

त्याच्याच टेबलावर बसून मी गेम उघडला. व्हिडिओ बघून शिकले होते. पडद्याच्या दिव्याला जाणाऱ्या जोडणीवरून केसासारखी तांब्याची तार ओढली, चार एलईडी चिकटवले. कावीळ झाल्यासारखा पिवळा उजेड नको म्हणून पांढरे घेतले. डाव्या बटणाखाली डाग देताना सोल्डरिंगचं तापलेलं टोक सरकलं. बटण दाबलं की बोर्डावरच्या ज्या काळ्या पट्टीला टेकतं, तिला चटका बसला. मी फुंकर मारली, झाकण लावलं. दिवे लागले. तेवढंच पाहिलं, बटण दाबून पाहिलं नाही.

घरी आप्पांनी गेम नाकाशी धरला आणि तोंड फिरवलं.

"काय केलंस गं हे?"

"दिवे बसवले. बटणं दिसावीत म्हणून."

"बटनं कशाला बघायची? मागावर तुटलेला धागा कुणी बघून जोडतंय व्हय? बोटाला कळतंय की." त्यांनी डोळे चोळले. "आता निस्ती बटनंच दिसत्यात. ठोकळं न्हाय दिसत."

"मग त्या दिवशी अंगठा चुकला होता तो?"

"खाज सुटली हुती."

मी गेम घेऊन परत दुकानात गेले. दिवे काढायला वेळ लागला नाही. मग डावं बटण दाबलं. ठोकळा जागचा हलला नाही. दुरुस्तीवाल्यानं पट्टी खरवडून पाहिली, भिंगातून पाहिली. "जळालीय ताई. हा बोर्ड आता कुटं मिळत न्हाय." त्यानं गेम माझ्याकडे सरकवला. 'विचारा म्हनलं हुतं' असं बोलला असता तर मी भांडले असते. निदान काहीतरी केलं असतं.

"डावीकडं जात नाही," असं सांगूनच मी गेम आप्पांच्या हातात दिला. ते खेळले. ठोकळे मध्ये आणि उजवीकडे चढत गेले, डावी बाजू रिकामी, खेळ संपला. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग बंद करून मांडीवर ठेवला.

"दुसरा आणते, आप्पा. कसला हवा?"

"आता इचारतीयास व्हय." आवाज खोचक नव्हता. मग म्हणाले, "नको. ह्यो अंगठ्याला म्हाईत झाला हुता. नवा शिकायचं वय न्हाय ऱ्हायलं."

मी बरं म्हणाले. रडू यायला हवं होतं, आलं नाही. संध्याकाळी कामगारांची सभा होती. गेले, बोलले. टाळ्या पडल्या. काय बोलले ते आठवत नाही. घरी आले तेव्हा आप्पा जागेच होते, रिकामे हात मांडीवर, अंगठे नुसते हलत होते.