दोन किलो काजूगर

लेकीला गोव्याच्या विमानतळावर सोडून परत येताना इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने आमची गाडी थांबवली. बाटल्याबिटल्या आहेत का ते बघायला त्याने डिकी उघडली आणि रिकामी दिसल्यावर आपटून बंद केली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं, "फॉर्मात काजूचा लिवलात मां?"

मी हो म्हटलं आणि गाडी सुरू केली. खरं म्हणजे मी लिहिलं नव्हतं.

आमची लेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या एका छोट्या देशात शिकायला निघाली होती. जगभरातली मुलं एकत्र राहून शिकतात अशी ती निवासी शाळा. दहावीनंतर तिने स्वतःच कुठूनतरी शोधून काढली, कॉम्प्युटरवर मुलाखती दिल्या आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळवली. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये ही बातमी मी इतक्यांदा सांगितली की शेवटी लोक मला बघून चहाला उठायला लागले.

शाळेचा फॉर्म मात्र मीच भरला. त्यात एक प्रश्न होता, मुलीला कोणता पदार्थ बाधतो का? मी 'नाही' लिहिलं. तेव्हा स्वतःला सांगितलं, उगाच नसती भानगड नको, शिष्यवृत्ती अडकेल. पण ते अर्धंच खरं होतं. काजूच्या बागेच्या जिवावर उभ्या असलेल्या घरातल्या मुलीला काजू बाधतो, हे माझ्या हाताने लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बाधतो हे मला माहीत होतं. चार वर्षांची असताना ओल्या काजूच्या उसळीने तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सांगितलं, पुन्हा देऊ नका. मी म्हटलं, पित्त असेल, आणि कोकमाचं आगळ चोळलं. त्यानंतर बायको तिच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करायची आणि मी ताटावर बसून त्याला नखरे म्हणायचो. लेक मान खाली घालून जेवायची.

आणि एक गोष्ट होती, ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. लेक बारा वर्षांची असताना मी तिला लाडवातून काजूची पूड दिली. मुद्दाम, न सांगता. म्हटलं, बघूया खरं किती आणि मनाचे खेळ किती. पाच मिनिटांत तिचा घसा आवळला. कुडाळच्या दवाखान्यापर्यंत मी मोटरसायकल कशी नेली ते मला आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. लाडवात काय होतं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एवढं होऊनही निघायच्या सकाळी मी काय करावं? तिच्या बॅगेत दोन किलो भाजलेले काजूगर कोंबले. तिथल्या वॉर्डनबाईंना, खोलीतल्या मुलींना. कोकणातला माणूस परक्या दारात रिकाम्या हाताने जात नाही, आणि द्यायला आमच्याकडे दुसरं आहे काय? ती बघत होती. कपडे थोडे सरकवून तिने त्या पिशवीला जागा केली.

हे सगळं मला नाक्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यात एकदम दिसायला लागलं. चौघी मुली एका खोलीत, मध्ये फोडलेली पिशवी, कुणाचा तरी काजूचा हात हिच्या ताटाला लागतो, हिचा घसा बंद होतो, आणि डॉक्टर माझा फॉर्म बघून म्हणतात, हिला तर काहीच बाधत नाही.

मुलं रुळावीत म्हणून पहिले दोन आठवडे घरी फोन नाही, असा त्या शाळेचा नियम होता. ती पोचल्याचा शाळेचा एका ओळीचा मेल आला, मग काहीच नाही. वर्गात मी फळ्यावर एकच गणित दोनदा सोडवलं. बागेत गेलो तर मोहोराकडे बघवेना. फोन खिशातून काढायचा, ठेवायचा, पुन्हा काढायचा. रेंज जाईल म्हणून खालच्या कोपऱ्यातली झाडं शिंपायची राहिली. बायको म्हणाली, तुम्ही असे पिंजऱ्यातल्यासारखे का फिरता? मी तिच्यावरच खेकसलो.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून मी वॉर्डनबाईंना मेल लिहिला. इंग्रजी धड जुळेना, तरी सगळं लिहिलं. माझी माहिती खोटी आहे, मुलीला काजूपासून जिवाला धोका आहे, तिच्या बॅगेतले काजू मीच घातलेत. लाडवाचंही लिहिलं. शेवटी लिहिलं, शिक्षा करायची तर मला करा, तिची जागा काढून घेऊ नका. पाठवला आणि घंटा झाली तरी तिथेच उभा राहिलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. फॉर्मचं आणि लाडवाचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडवीत जाऊन पाठ करून बसली.

दिवेलागणीला फोन वाजला. वॉर्डनबाईंनी नियम मोडून लेकीला फोन दिला होता. मी स्पीकर लावला, बायको आत आली. मी आधी विचारलं, तू बरी आहेस ना? बरी होती. पहिल्याच संध्याकाळी तिने ती पिशवी न फोडता बाईंच्या हातात दिली होती आणि आपल्याला काजू बाधतो हे स्वतःच सांगितलं होतं. तिची जागाही कुणी काढून घेणार नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, बॅग भरतानाच?

"बाबा, हंय मी एकदाच सांगलंय," ती म्हणाली. "तेनी लगेच लिवन घेतल्यानी. खाऊन बघ म्हणान कोणी सांगूक नाय."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.