उताराचं मैदान आणि यंदाची टीम

आमच्या गावचं फुटबॉलचं मैदान उतारावर आहे. किती उतारावर? खालच्या गोलपोस्टशी उभं राहून वर पाहिलं, तर वरच्या गोलकीपरच्या बुटांचे तळवे दिसतात. खोटं वाटत असेल तर या एकदा. राळेगावहून एसटीने अर्धा तास लागतो. एसटी आली नाही तर दीड दिवस.

या उतारामुळेच आमच्याकडे क्रिकेट टिकलं नाही. एक चौकार बसला की बॉल नाल्यात, नाल्यातून वर्धा नदीत, आणि पार चंद्रपूरच्या अंगाला कोणीतरी त्याचा कॅच घेई. फुटबॉल मोठा असतो, तरंगतो, सापडतो. म्हणून आम्ही फुटबॉलवाले.

घरच्या मैदानावर आम्हाला कोणी हरवलेलं नाही. युक्ती साधी. पाहुण्यांना पहिल्या हाफात खुशाल उताराने खेळू द्यायचं. पोरं पळत सुटतात, हसतात, दोन-तीन गोल करतात. मग बाजू बदलली की तेच पाहुणे चढावर गुडघ्यांना हात लावून उभे, आणि आमची टीम वरून दगड गडगडत यावेत तशी खाली येते. पण हीच टीम बाहेर गेली, समजा मारेगावच्या सपाट मैदानावर, की नावेतून नुकत्याच उतरलेल्या माणसांसारखी झुलत चाले. पास पुढे जातच नसे. आमच्या पायांना सवय ही, की अर्धं काम उतार करतो.

ही सवय फक्त पायांना नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

माझा धंदा मंडप, खुर्च्या आणि भोंग्याचा. गावात लग्न असो की मयत, आवाज माझा. मॅचच्या दिवशी कॉमेंट्रीही माझीच. मी जे दिसतं ते सांगत नाही. जे दिसतं ते लोक स्वतःच पाहतात, त्याला भोंगा कशाला? एकदा मी एका साध्या कॉर्नरचं असं वर्णन केलं, की रस्त्यावरच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला आणि प्रवाशांनी त्याला शिव्या देण्याऐवजी टाळ्या वाजवल्या. माझी बायको म्हणते, "तुमच्या तोंडून चूळ पडली का गावात पूर येते." येतो. मी नाकारत नाही.

टीमची कमिटी होती पाच जणांची, पण चार जण मान हलवायला. पाचवे अध्यक्ष. त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान. त्यांचा एक शब्द ठरलेला होता: यंदा. कापसाच्या बियाण्याची थैली हातात देताना म्हणत, "यंदा पाय कसं येते!" पाय म्हणजे पाहा. टीमची गोष्ट निघाली तरी तेच. "यंदा पाय." थैलीतलं उगवलं नाही तर दोष आभाळाचा. टीम हरली तर दोष रेफरीचा, उन्हाचा, सपाट मैदानाचा. अध्यक्षांचा दोष कधी निघालाच नाही. गावाचा त्यांच्यावर भरोसा असा, की ते म्हणाले असते गोलपोस्टला यंदा बोंडं लागतील, तर लोक वेचणीला ओट्या बांधून आले असते.

आणि तो भरोसा गावभर वाजवायचा कोणी? मी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे पहाटेच मारबत निघते. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, शिवेपर्यंत न्यायच्या, आणि घरातली, गावातली जी पीडा असेल तिचं नाव घेऊन फेकून द्यायच्या. एकाने ओरडायचं, "खोकला-पडसं...", आणि सगळ्यांनी म्हणायचं, "घेऊन जा गे मारबत!" फेकल्यावर मागे वळून पाहायचं नाही, तोंड-हात धुऊन सरळ घरी. आमच्या गावात त्यात फुटबॉलचीही भर पडली होती. "सेल्फ गोल..." "घेऊन जा गे मारबत!" "मारेगावचा रेफरी..." "घेऊन जा गे मारबत!" गर्दी मोठी, मागच्यांना ऐकू जात नाही, म्हणून पुढच्याने ओरडलेली पीडा मी भोंग्यावरून पुन्हा सांगायची, असा रिवाज पडला होता. फेकाफेक झाली, की तिथेच शिवेवर अध्यक्ष नव्या हंगामाचं सांगत. म्हणजे ते माझ्या कानात सांगत, आणि मी गावाला.

मागच्या मारबतीला ते कानात म्हणाले, "जिल्ह्याच्या लीगमंदी यंदा आपली एन्ट्री. नागपूरचा कोच पायला हाय. सांगून दे."

एवढंच. पण माझ्या हातात भोंगा होता. मी सांगितलं, नागपूरचा तो कोच शिट्टी वाजवतो तेव्हा झाडावरून पडणारं पान हवेत थांबतं. त्याने घडवलेली पोरं म्हणे आज विमानाने मॅच खेळायला जातात. यंदा कप कळंबला चिंतामणी गणपतीच्या पायाशी ठेवून मगच गावात आणायचा. लोकांनी टोप्या उडवल्या. एका म्हातारबाबांनी हातातली पळसाची फांदी फेकायची सोडून छातीशी धरली.

चार दिवसांनी आमचा गोलकीपर माझ्या गोदामात आला.

तिशीचा गडी. लग्न झालेलं, एक मुलगी. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. हाताचे पंजे म्हणजे दोन सुपं. त्याने अडवलेला एक बॉल मी कॉमेंट्रीत तीन दिवस हातात अडकवून ठेवला होता, विळीने सोडवावा लागला असं सांगून. तो खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला.

"भाऊ, एक इचारू का?"

"इचार ना बा."

"साळ्यानं बुटीबोरीले काम लावून देलं. कंपनीत. पर्मनंट होते म्हन्ते. दिवाळीच्या अंदर हजर व्हा लागते."

"मंग?"

"मंग काय? तिकडं गेलो तर इकडची लीग गेली. तुमी सांगतलं ना, यंदा हाय म्हून. भाऊ, मी तीस वर्साचा झालो. खरं कप उचलाचा हाय मले एकडाव, सपाट मैदानावर. खरं सांगा, जाऊ का राहू? तुमी म्हनान तसं करतो."

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्याला सांगितली नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी मी अध्यक्षांच्या घरी बारशाचा मंडप ठोकायला गेलो होतो. ओसरीवरच्या टेबलावर लीगचा प्रवेश अर्ज पडला होता. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, बरोबर टीमचं नाव लिहायच्या जागी. बाकी सगळा कोरा. मी म्हणालो, "अध्यक्ष, हे भरा ना." ते म्हणाले, "भरून देऊ ना गड्या, कायची घाई करून राह्यला?" मी म्हणालो, "आन् कोच?" ते हसले. "पायला हाय म्हनलं ना. पायनं म्हंजे आननं होते का?" मी पण हसलो. चांगला जोक होता. मी तो मनात ठेवून दिला, कुठे वापरता येईल म्हणून.

गोदामात तो डाग माझ्या डोळ्यासमोर आला. खरंच आला. पण मी शिवेवर जे बोललो होतो ते अख्ख्या गावाने ऐकलं होतं, आणि ते सगळ्यात जास्त मीच ऐकलं होतं. स्वतःच्या थापेवर सगळ्यात आधी विश्वास थापाड्याचाच बसतो.

मी म्हणालो, "कायले जातं बुटीबोरीले? थांब. कमिटीवर भरोसा ठेव."

तो म्हणाला, "कमिटीवर नाई भाऊ. तुमच्यावर ठेवतो."

आणि गावातच थांबला.

दसऱ्यानंतर लीगमधल्या टीमांची यादी मोबाइलवर आली. मी ती वर-खाली, खाली-वर इतकी फिरवली की अंगठा दुखला. आमचं नाव नव्हतं. अर्ज गेलाच नव्हता. अध्यक्षांच्या दुकानावर दहा-बारा जण जमले. मला वाटलं, आज शटर तुटतं. अध्यक्षांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, "तारीख हुकली गड्याहो. यंदाचं जाऊ द्या. पुढच्या वर्सी पक्कं." लोकांनी चहा घेतला. एकजण म्हणाला, "बराबर हाय, घाईत काय अर्थ?" दुसरा म्हणाला, "तयारी तरी होईन." मग चर्चा पुढच्या वर्षीच्या जर्सीच्या रंगावर गेली. गोलकीपर पायरीवर बसला होता. त्याने कप तसाच ठेवला. चहावर साय धरली, माशी बसली, कप परत गेला.

त्याने त्याच संध्याकाळी साळ्याला फोन केला. जागा भरली होती. साळा म्हणाला, "जवाई, तुमच्यापाई मी तिथं खोटा पडलो."

तो राळेगावच्या जिनिंगमध्ये लागला, कापूस मशीनपर्यंत ढकलायला. हंगाम होता तोवर काम होतं. संध्याकाळी परत आला की केसांत, भुवयांत, कानांत सरकी-कापसाचे तंतू, लांबून म्हातारा दिसे. खोकला लागला. जिनिंग बंद झाली तशी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. भांडण झालं नाही म्हणतात. तिने नुसतं विचारलं, "आता?"

उन्हाळ्यात एकदा मी खुर्च्यांची गाडी घेऊन मैदानाशेजारून चाललो होतो. तो खालच्या गोलपोस्टमध्ये उभा होता. एकटा. गुडघे वाकवून, पंजे उघडून, वर पाहत. वरून कोणीच बॉल मारत नव्हतं. पोरं घरोघरी मोबाइलवर परदेशातल्या टीमा पाहत बसलेली. त्याने मला पाहिलं आणि ओरडला, "भाऊ, करा ना कॉमेंट्री!"

मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काही वाढवून सांगता आलं नाही. तिथे जे होतं ते तेवढंच होतं.

यंदा पोळा झाला. मारबतीच्या पहाटे सगळे शिवेवर. खांद्याला भोंगा, हातात माईक, मी माझ्या जागी. सुरुवात नेहमीसारखी. "बोंडअळी..." मी सांगितलं, गावाने म्हटलं, घेऊन जा गे मारबत. "सपाट मैदान..." हशा. घेऊन जा गे मारबत.

मग गोलकीपर पुढे आला. एका हातात पळसाची फांदी, दुसऱ्या खांद्याला पिशवी. खोकल्याची उबळ जाईपर्यंत थांबला. मग शांतपणे, ओरडल्यासारखं नाहीच, बोलला.

"माईकवाल्याची जबान."

पुढचे दोघं-तिघं हसले. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. ते ओरडू लागले, "काय म्हनलं बे? मोठ्यानं सांग ना!" तो माझ्याकडे पाहत होता. हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. पेनल्टीच्या वेळी मारणाऱ्याच्या पायाकडे पाहायचा, तसा पाहत होता. मी कुठल्या बाजूला मारतो ते.

रिवाज रिवाज आहे. मी माईक तोंडाशी नेला.

"माईकवाल्याची जबान!"

"घेऊन जा गे मारबत!" अख्खं गाव ओरडलं. बायका, पोरं, तो छातीशी फांदी धरणारा म्हातारा, अध्यक्ष, माझी बायको. सगळ्यांना वाटलं, यंदाचा नवा जोक आहे. एवढा मोठा आवाज आमच्या एकाही गोलला झाला नसेल.

त्याने फांदी फेकली. बाकीचे गावाकडे वळले आणि तो पिशवी घेऊन डांबरी रस्त्याकडे निघाला. माझ्या मागून पहिल्या एसटीचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला. गाडी कुठली होती मला माहीत नाही. मागे वळून पाहायचं नसतं.

अध्यक्ष जवळ आले, कानाला तोंड लावून म्हणाले, "अर्ज आनला हाय. यंदाचं सांगून दे. लोक थांबून हायेत."

लोक खरंच थांबले होते. पळसाचा चीक लागलेले हात तसेच धरून, माझ्या तोंडाकडे पाहत.

"बॅटरी उतरली," मी म्हणालो.

बॅटरी आदल्या दुपारपासून चार्जिंगला होती.