भूगोलाच्या सरांची रविवारची फेरी

आमच्या भूगोलाच्या सरांइतकी स्वतःची लाज वाटणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. तुम्हाआम्हाला लाज वाटायची तर आधी काहीतरी लाजिरवाणं करावं लागतं. सरांना एवढी यातायात करावी लागत नसे. मनात नुसता विचार आला तरी त्यांचे कान लाल व्हायचे. मूळचे ते नगरकडचे, मराठी ख्रिस्ती घरातले. पेणला आमच्या हायस्कुलात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि आमच्याच आळीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. मी त्याच शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे शाळेत आणि घरी दोन्हीकडे मला त्यांचा शेजार होता. अंगाने उंच, किंचित वाकलेले, आणि चालायचे असे की जणू रस्त्याचीसुद्धा परवानगी काढायची राहून गेली आहे.

त्यांचा एक नेम होता. देवापुढे जायचं तर आधी शेजाऱ्याशी मन साफ करून जावं, अशी त्यांच्यात शिकवण आहे. ख्रिस्ती माणसं ती ऐकतात, माना डोलावतात आणि आपापल्या घरी जातात, असं सरच सांगायचे. सरांनी मात्र ती शब्दशः मनावर घेतली होती. दर रविवारी सकाळी उपासनेसाठी रोह्याची पॅसेंजर पकडण्याआधी ते पेणमधून फेरी मारायचे, आणि आठवड्याभरात ज्यांच्याबद्दल काही वावगं बोलले, वागले किंवा नुसतं मनात आणलं असेल, त्या सगळ्यांच्या दारात उभं राहून क्षमा मागायचे. एकदा ते असेच हेडमास्तरांच्या दारात गेले आणि म्हणाले, "परवा मीटिंगमध्ये आपण बोलत होता, तेव्हा हे एकदाचे थांबतील तर बरं, असा विचार माझ्या मनात आला. क्षमा करा." हेडमास्तरांनी क्षमा केली. त्यांच्यापुढे दुसरा इलाज काय होता? पण तेव्हापासून मीटिंगमध्ये बोलता बोलता त्यांची नजर सरांवर गेली की त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहायचं आणि मीटिंग आटपायची. सगळा स्टाफ सरांचा जन्माचा ऋणी झाला. मुलांचं मात्र उलट झालं. वर्गात एखाद्याला चापट मारली तर सर रविवारी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागत. मास्तर घरापर्यंत आले म्हणजे पोराने काय दिवे लावले असतील, या हिशेबाने बाप सरांच्या देखतच पोराला आणखी दोन ठेवून द्यायचा. शेवटी नववीची पोरं हात जोडून म्हणायला लागली, "सर, वर्गात हवं तेवढं मारा, पण घरी येऊ नका."

बाजारातली कोळीणही त्यांच्या तावडीतून सुटली नाही. तिच्याकडून सरांनी जिताडा नेला. घरी जाईपर्यंत तो शिळा असावा असं त्यांना उगीचच वाटत राहिलं आणि कालवण तर झकास झालं. रविवारी सर बाजारात हजर. "तुम्ही मला शिळा मासा दिलात असं माझ्या मनात आलं होतं. क्षमा करा." कोळणीने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोन बोललं माजा म्हावरा शिला? कोन बोललं?" सर हळूच म्हणाले, "कोणी नाही, मीच. तेही मनात." झालं, पुढची दोन गिऱ्हाइकं मासळी नुसती हुंगून, विकत न घेताच गेली आणि सरांना दुसऱ्यांदा क्षमा मागायला थांबावं लागलं. त्या दिवशी त्यांची पॅसेंजर चुकली.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तुमच्या धर्मातली सगळीच माणसं असं करतात का हो?" ते खाली बघत म्हणाले, "बाई, आमच्या गावात निम्मी आळी ख्रिस्ती. तिथं एखादा वाईट निघाला तर झाकून जातो. इथं आमच्या आळीत मी एकटा. लोक माझ्याकडं बघूनच ठरवणार ना, प्रभूची माणसं कशी असतात ते? आणि बघायला मिळतोय कोण, तर मी!" हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मला उगीच विचारलं असं वाटलं. त्यांच्याजवळ जरा जास्त वेळ बसलं की आपलीही दोन-चार पापं आठवायला लागत, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असे.

अशा माणसाच्या हातून खरी चूक घडली तर काय होईल? ती घडली, आणि कुठल्याही दुसऱ्या माणसाच्या हातून घडली नसती अशी घडली.

सरांच्या घराला लागून, सगळी आळी ज्यांना मावशी म्हणायची त्यांचा गणपतीचा कारखाना होता. नवऱ्यामागे मावशींनी तो एकटीने चालवला होता. पत्र्याची लांब शेड, बाजूला ताडपत्र्या, आणि आत फळ्यांवर रांगेने शाडूचे गणपती. पुढे पाटांची थप्पी, कारण आमच्याकडे ज्याच्या घरचा गणपती तो आपला पाट आधी कारखान्यात आणून ठेवतो आणि त्याच पाटावर बसवून मूर्ती घरी नेतो. मावशींकडे पेणातलेच नव्हे तर गागोद्यापर्यंतच्या खेड्यांतले पाट यायचे, कित्येक तर त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. गणपती तोंडावर आले असताना एका दुपारी वादळी वारा सुटला, शेडचे पत्रे उचलले गेले आणि पाऊस सरळ मूर्तींवर कोसळायला लागला. सरांचं घर स्लॅबचं होतं, कोरडं होतं आणि चार पावलांवर होतं. मावशी दोन्ही हातांत एक-एक मूर्ती घेऊन धावत आल्या आणि ओरडल्या, "सर, दार उघडा! गणपती आत घेऊ दे!"

सर दारात आले, म्हणाले, "एक मिनिट, मावशी," आणि आत गेले. आत जाऊन ते गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. घरात मूर्ती आणू नये हे त्यांना आईने लहानपणी शिकवलं होतं. "बाकी सगळ्या आज्ञा मी कधी ना कधी मोडल्याच होत्या, बाई," ते मला मागाहून म्हणाले. "एवढी एकच शाबूत होती. ती मोडताना प्रभूला विचारावं असं वाटलं." प्रभूने काय उत्तर दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण उठले ते दोन्ही दारं सताड उघडून पावसात धावले. तोवर फळ्यांवर चिखल झाला होता. सोंडा गळून पडल्या होत्या, हात वितळले होते. सर भिजत, रडत, उरतील त्या मूर्ती छातीशी धरून आत आणत राहिले. संध्याकाळी त्यांच्या कॉटवर गणपती, टेबलावर गणपती, ओट्यावर गणपती, आणि सर बाहेर पायरीवर. ती रात्र त्यांनी पायरीवरच काढली. पण वाचलेले गणपती थोडे होते. मावशी शेडमध्ये चिखलाशेजारी बसून होत्या.

पाट रिकामा परत पाठवणं हे आमच्याकडे फार वाईट समजतात. मावशींना ते करावं लागलं. पण त्या धक्क्याने त्यांनी अंथरूण धरलं होतं, तेव्हा सर पुढे झाले. ते पाट डोक्यावर घेऊन एस.टी.ने, पायी, गावोगाव हिंडले आणि दर घरी उभं राहून म्हणाले, "चूक मावशींची नाही, माझी आहे. मी प्रार्थना करत बसलो." लोकांना काही कळेना. कुणी पाट हिसकावून घेतला, कुणी शिव्या दिल्या, गागोद्यातल्या एका म्हातारबुवांनी पाणी देऊन विचारलं, "पन तुमी परार्थना केली ती आमच्या गनपतीसाटीच ना?" यावर सरांना खोटं बोलता येईना आणि खरंही सांगता येईना. त्यातले पुष्कळ पाट पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यांत गेले आणि मावशींकडे पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर रविवारच्या फेरीतलं शेवटचं दार मावशींचं झालं. सर शेडच्या तोंडाशी उभे राहून म्हणत, "मावशी, क्षमा करा." मावशी माती मळत असत, मान वर करत नसत. सर थोडे थांबत आणि स्टेशनकडे निघत. असं दर रविवारी, ऊन असो पाऊस असो, कित्येक वर्षं चाललं. आळीला त्याची सवय झाली. मला मात्र खिडकीतून ते बघताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि दोघांपैकी कुणासाठी ते नक्की सांगता आलं नसतं.

रोह्याला माझी बहीण राहायची. तिच्या कॉलनीतच, कंपनीत नोकरीला असलेल्या एका कुटुंबाच्या हॉलमध्ये या ख्रिस्ती मंडळींची उपासना भरायची. एकदा परतीच्या गाडीला सोबत म्हणून मी सरांना बोलवायला गेले आणि दारात थांबले. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरवायला दिलं होतं. प्रत्येक जण एक तुकडा घेऊन भक्तिभावाने खात होता. सर चपलांजवळ बसले होते. ताट त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते तसंच पुढे दिलं. गाडीत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मावशींचं मन माझ्याबद्दल साफ नाही. त्यांना दुखवून मी प्रभूच्या पंगतीला कसा बसू?" म्हणजे पत्रे उडाल्यापासून या माणसाने तो घास घेतलाच नव्हता. इतर सगळ्या गोष्टींत तो आम्हाला हसवत आला होता, ही एक गोष्ट त्याने कुणाला कळू दिली नव्हती.

मी मावशींना सांगितलं. त्यांनी हात धुतले. "म्हंजे जेवत नाय?"

"जेवतात. पण त्यांच्या देवाच्या पंगतीतून न जेवता उठतात."

"माज्यापायी?"

"तुम्ही माफ केलं नाही म्हणून."

पुढच्या रविवारी सर शेडपाशी आले तेव्हा मावशी हिरवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार उभ्या होत्या. "चला," म्हणाल्या, "मी पन येतंय रोह्याला. बाय, तू पन चल गो." सर इतके गोंधळले की क्षमा मागायचीच विसरले. गाडीत ते मावशींना खिडकी देऊन स्वतः दाराशी उभे राहिले. निडीला गाडी क्रॉसिंगला बराच वेळ थांबली तेव्हा मावशींनी डोकं बाहेर काढून विचारलं, "तुमचा देव अजून किती लांब हाय, सर?" सर म्हणाले, "आलाच आता," आणि लाजले.

हॉलमध्ये मावशी पुढच्या ओळीत मांडी घालून बसल्या. गाणी सुरू झाली तशी त्यांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. मग ताट निघालं. ते चपलांजवळ पोचलं, सरांनी हातात घेतलं आणि नेहमीप्रमाणे शेजारच्याकडे करायला लागले. मावशी वळून मोठ्यांदा म्हणाल्या, "घ्या, सर. मी माफ केलंय तुमाला."

पाळकसाहेब जागीच थांबले. सरांनी ताट दोन्ही हातांनी धरलं. "खरंच, मावशी?"

"मंग काय तुमच्या देवाच्या घरात बसून खोटं बोलतंय मी?"

सरांनी तुकडा घेतला. तो त्यांना लवकर चावताच येईना. त्यांच्याकडे बघून मला माझ्या रुमालाची गरज लागली.

परतताना सरांना आनंद लपवता येत नव्हता. नागोठण्याला त्यांनी डब्यातल्या अनोळखी लोकांनाही चहा पाजला. शेवटी न राहवून ते मावशींना म्हणाले, "खरा ख्रिस्ती कसा असावा हे मी आयुष्यभर शोधलं. आज तुमच्यात बघितला." मावशी ताडकन म्हणाल्या, "मला बाटवायचं काम नाय हां, सर!" सर लाल झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे क्षमा मागितली. ही क्षमा मावशींनी चहा संपायच्या आत देऊन टाकली.

पुढे सर रिटायर झाले, नगरकडे आपल्या गावी परत गेले, आणि एका पावसाळ्यात ते वारल्याची बातमी आली. मी ती सांगायला कारखान्यात गेले. मावशी आता फार थकल्या आहेत, पण मातीशी बसल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांचं सांत्वन करावं म्हणून मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्यांना माफ केलंत, म्हणून ते सुखाने गेले."

"कुटं केलं गो बाय?" त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "माजे रिकामे पाट गेले ते अजून डोल्यांसमोर येतात. नाय केलं माफ, लय यत्न केला तरी नाय जमलं. पन मानूस पंगतीतून उपाशी उठतंय ते बघवलं नाय. खोटं बोलली मी, ते पन त्यांच्या देवाच्या घरात बसून. त्याची लाज वाटते आता." हातातला मातीचा गोळा त्या नुसताच चेपत राहिल्या. "ते असते, तर रविवारी गेली असती मी त्यांच्या दारात."