भरपाईची कळशी

पुण्याचे एक विद्वान आमच्या घरी उतरले होते. विलायतेत शिकून आलेले. सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जातींवर त्यांना ग्रंथ लिहायचा होता. त्यासाठी त्यांनी कुंभकोणम् निवडलं, कारण इथे मराठी बोलणारी घरं आहेत, म्हणजे दुभाष्या फुकट. तो फुकटचा दुभाष्या मी. शाळामास्तर खरा, पण गोविंदपुरम्‌च्या उत्सवात दर वर्षी सोंग घेणारा. चोराचं तमिळ मी त्यांना रडून सांगायचो आणि हवालदाराचं मिशी पिळून.

"मास्तर, अभिनय नको, मजकूर सांगा," ते म्हणायचे. "आणि तोही आजच्या मराठीत. तुम्ही बखर वाचल्यासारखे बोलता."

त्यांच्या मुक्कामातच आमच्या ओट्यावरची पितळी कळशी चोरीला गेली. आमच्या गल्लीची कावल, म्हणजे राखण, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे. सुगीला घराघरातून त्यांना भात जायचं. त्या बदल्यात गल्लीतून काही गेलं, तर राखणदारानं स्वतःच्या घरातून भरून द्यायचं. कोणी चोरलं, हे विचारायची रीतच नाही. त्याप्रमाणे आमचा म्हातारा राखणदार आपल्या घरची कळशी खांद्यावर घेऊन सकाळीच निघाला. वाटेत नव्या फौजदारानं अडवलं. कळशी कुणाकडे नेतोस? मास्तरांकडे. चोरी कुठे झाली? मास्तरांकडेच. फौजदाराला आणखी काय पाहिजे!

कोर्टात मी सांगितलं, ही कळशी आमची नव्हे. आमच्या कळशीच्या गळ्याला पोचा होता, माझ्या लग्नात व्याह्यांच्या पायाखाली आलेली. मॅजिस्ट्रेट परगावचे. माणूस आपली कळशी दुसऱ्याला कशाला देईल, हे त्यांना पटेना. तेव्हा आमचे विद्वान आपण होऊन उभे राहिले. काळा कोट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. राखणीची सगळी रीत त्यांनी इतकी सुरेख उलगडून सांगितली की वकीलसुद्धा ऐकत बसले. म्हातारा सुटणार, या आनंदात मी त्याला लांबूनच खूण केली.

मॅजिस्ट्रेटनी एकच विचारलं. "हे काम याच्याच जातीकडे का?"

"कारण पूर्वी भीती त्यांचीच होती," विद्वान खुशीत म्हणाले. "ज्याची भीती, त्याच्याच हाती राखण द्यायची. फार शहाणी व्यवस्था आहे."

मॅजिस्ट्रेटनी टाक दौतीत बुडवला.

चोरीतून म्हातारा सुटला. पण पूर्वी भीती त्याच्या जातीचीच, हे आता कोर्टाच्या दप्तरी लिहून झालं होतं. महिन्याभरात पोलिसांनी त्याला गुन्हेगार जातीचा म्हणून नोंदवलं. रोज दिवे लागायच्या आत ठाण्यावर हजर व्हायचं, रात्र तिथल्या पडवीत काढायची, उजाडल्यावर घरी जायचं. गल्ली राखणाऱ्या माणसाला रात्री गल्लीत पाऊल टाकायची बंदी.

जेवताना विद्वान पुन्हा पुन्हा म्हणत होते की मी तर त्याच्या बाजूनं बोललो. खोटं नव्हतं ते. माझी बायको भात वाढता वाढता थांबली. "बोललात, अण्णा. आता आमची गल्ली कोण राखील, तेही ग्रंथात लिहा."

त्या रात्री त्यांनी रोजच्यासारखं दुसऱ्यांदा ताक घेतलं नाही. चार दिवसांनी गाडीत बसले. निघताना मला म्हणाले, "तुमची भाषा जपा, मास्तर." मी बखरीतल्या सरदारासारखा मुजरा केला. त्यांना हसू आलं नाही. खरं तर मलाही.

गल्लीला राखण नाही, ही बातमी चोरांना आमच्या आधी कळली असावी. समोरच्या विधवा मावशींची समई गेली. सकाळी पाहतो तर म्हातारा ठाण्यावरून घरी जाऊन आलेला, आणि त्याच्या घरची समई मावशींच्या उंबऱ्यावर. मी त्याला ओट्यावर बसवलं. समजावलं की तुला तर सरकारनं कोंडून घातलंय, आता हे तुझ्यावर नाही. मावशीही आतून तेच म्हणत होत्या, समई परत ने रे.

तो पंचा खांद्यावर टाकून उठला.

"सामी, राखण माझीच आहे ना?" तो म्हणाला. "मी नव्हतो, म्हणून तर गेली."

पुढे एक घंगाळ गेलं, मग एक परात. दोन्ही वेळा तो आला. त्याच्या घरात आता पाणी मातीच्या मडक्यात भरतात, असं आमची भांडीवाली सांगते. गल्लीतल्या चार-पाच घरांत त्याची भांडी आहेत. कुणी ती वापरत नाही, परत दिली तर तो घेत नाही.

संध्याकाळी शाळेतून येताना तो मला वाटेत भेटतो. घोंगडी काखेत मारून, ऊन पाहत, ठाण्याकडे भरभर चाललेला.