मुलाखतीच्या बाकावर बसलेले सर

लोणीहून वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी मुलाखतीला गेले, तेव्हा फाईलवर ओढणी गुंडाळली होती. रस्त्याचं काम चालू होतं आणि धूळ सगळीकडे घुसत होती. जायचं होतं ते कॉलेज माझंच होतं. पदवी मी तिथंच घेतली, मग पुण्याला जाऊन एम.एस्सी. केलं, सेट झाले. आता त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर प्राध्यापक हवे होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन, आणि नेमणूक त्या वर्षापुरती.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक लांब बाक होता. त्यावर सर बसले होते.

हे माझे सर. मला भौतिकशास्त्राची गोडी लावली ती त्यांनी. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून ते आम्हाला त्याचा पिवळा उजेड बघत बसवायचे. दिवा पूर्ण तापेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मला पुण्याला पाठवावं की नाही हे विचारायला वडील त्यांच्याकडेच गेले होते. प्राचार्य बदलले, इमारतीला नवा मजला चढला, पण आमच्यासाठी कॉलेज म्हणजे सरच होते.

मला वाटलं, ते मुलाखत घेणाऱ्यांपैकी आहेत आणि जरा बाहेर येऊन बसलेत. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी सरकून जागा दिली.

"सर, आत कोण कोण आहे?"

"विद्यापीठाकडून एक तज्ज्ञ आलेत. बाकी सगळे आपलेच."

"मग तुम्ही कधी जाणार आत?"

"तुझ्या आधी माझा नंबर आहे," ते म्हणाले.

मला अर्थ लागेना. मग त्यांच्या मांडीवरची फाईल दिसली. प्लास्टिकचं कव्हर, आत गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, वर पासपोर्ट फोटो लावलेला अर्ज. माझ्या फाईलसारखीच. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दरवर्षी असते. जून आला की जाहिरात येते, मग आपण यायचं. घाबरू नकोस, फार वेळ घेत नाहीत."

त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या सहीनं माझी जर्नलं पूर्ण झाली, आणि हा माणूस या कॉलेजात कायम नाही, हे मला तेव्हा कुठं कळत होतं.

तेवढ्यात गाडी लावून वडील आले. सरांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं सर, तुमीच हाये. पोरीकडं जरा लक्ष असू द्या."

"तिच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही. ती हुशार आहे," सर म्हणाले. आपणही उमेदवार आहोत हे त्यांनी वडिलांना सांगितलं नाही. मीही नाही.

शिपायानं त्यांचं नाव पुकारलं आणि ते आत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून प्राचार्यांचा आवाज आला, "बसा. आपला परिचय करून द्या."

मग सरांचा आवाज. पूर्ण नाव, गाव, शिक्षण, संशोधनाचा विषय. ज्या प्राचार्यांबरोबर ते रोज चहा प्यायचे, त्यांना ते आपलं नाव सांगत होते. आवाज तोच, वर्गातला, सावकाश. मी बाकावर बसून ऐकत होते. नंतर मला काय विचारलं, मी काय उत्तरं दिली, आज आठवत नाही.

आम्हा दोघांचीही नेमणूक झाली. आदल्या वर्षापर्यंत सगळे तास सरांकडे होते. यंदा ते दोघांत वाटायचे असं संस्थेनं ठरवलं होतं. म्हणजे मला मिळाले ते निम्मे तास त्यांचेच होते.

रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं होतं, कुणीतरी बोलावून चार गोष्टी सांगेल. पुण्यातली माझी मैत्रीण एका खाजगी विद्यापीठात लागली होती. तिला पहिल्या आठवड्यात प्रशिक्षण होतं, नियमांचं छापील पुस्तक होतं, लॅपटॉप होता. मला वेळापत्रकाचा कागद मिळाला. स्टाफरूममध्ये जाऊन एका खुर्चीवर टेकले तर शिपाईमामा हळूच जवळ आले.

"बाई, तिथं नका बसू. ती परमनंटवाल्यांची खुर्ची हाये. तुमचं तिकडं, खिडकीपाशी."

खिडकीपाशी सर बसले होते. सगळी वर्षं ते तिथंच बसत आले होते. विद्यार्थी असताना मला वाटायचं, सरांना उजेड आवडतो.

त्या दिवशी मला सगळं त्यांनीच दाखवलं. प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते, कुठल्या प्लगमधून ठिणगी उडते, हजेरी कुठं द्यायची. दुपारच्या बॅचचे प्रयोग लवकर आवरायचे, कारण मुलींना उसाच्या कडेनं स्टँडपर्यंत चालत जावं लागतं आणि त्या पट्ट्यात बिबट्या कायमचाच. आपलं कपाट त्यांनी अर्धं रिकामं करून दिलं. उरलेल्या अर्ध्यात सोल्डरिंग आयर्न, वायरी, दोन-तीन भिंगं होती.

"हे कॉलेजचं नाही, माझं आहे," ते म्हणाले. "लागलं तर बिनधास्त घे."

"सर, माझ्यामुळं तुमचे तास गेले."

"तुझ्यामुळं नाही. तू नसतीस तर दुसरं कुणी आलं असतं. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं. तुला शिकवून झालंय." ते हसले. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या सत्रात कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. प्राचार्यांनी मला बोलावून एक काम दिलं. नव्यानं रुजू होणाऱ्या प्राध्यापकांसाठी कॉलेजचं धोरण काय, त्यांना कोणत्या सोयी मिळतात, यावर दोन पानं टाईप करून द्यायची. "तुम्ही नव्या आहात, तुम्हाला नीट लिहिता येईल," ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. म्हणूनच मी जास्त चक्रावले.

मी आणि सर प्रयोगशाळेत लिहायला बसलो.

"जे आहे तेच लिही," सर म्हणाले.

ग्रंथालय आहे, लिहिलं. इंटरनेट आहे, कधी कधी. 'कधी कधी' लिहिलं नाही. मग मी टाईप केलं, 'प्रत्येक नव्या प्राध्यापकास एक ज्येष्ठ प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून दिला जातो.'

सरांनी वाचलं. "हे खरं आहे का?"

"माझ्या बाबतीत खरं आहे."

"मग 'ज्येष्ठ' काढ. वयानं असेन, इथल्या कागदांवर नाही."

मी तो शब्द काढला. प्राचार्यांनी तो पुन्हा घातला.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेत आले. मी स्पेक्ट्रोमीटर पुसत होते. ते सरांना म्हणाले, "उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल. गैरसमज करून घेऊ नका. समोर दिसलात की ते विचारणार, हे एवढी वर्षं तात्पुरते कसे?"

"हो, विचारतील," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उद्या दिवा तू लाव. समिती वर यायच्या जरा आधी लाव, म्हणजे तापलेला असेल."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सर चिडतील, निदान तोंड फिरवतील असं वाटलं होतं. ते दिव्याचं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी समिती आली. रांगोळी, फेटे, नारळ सगळं झालं. प्रयोगशाळेत आल्यावर समितीतल्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. हातात आमची दोन पानं होती. "तुम्ही यंदाच लागलात ना? तुम्हाला मार्गदर्शन कुणी केलं?"

मी सरांचं नाव सांगितलं.

"भेटू या की त्यांना. कुठं आहेत?"

प्राचार्य पुढं झाले, पण त्यांच्या आधी मी बोलून गेले. "त्यांना आज येऊ नका म्हणून सांगितलंय."

"का?"

"कॉलेजच्या हिशेबानं तेही यंदाच लागलेत. दरवर्षीच लागतात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग प्राचार्यांकडे बघितलं. सोडियमच्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते. बाईंनी मान हलवली आणि समिती पुढच्या विभागात गेली. आता माझीही नोकरी गेली, असं मी धरून चालले.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण मला अडचणीत टाकलंत."

ते खुर्चीत टेकले.

"मी दरवर्षी वर कळवतो, जागा भरू द्या म्हणून. ते शिकवतात कसं हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? मुलाखतीत त्यांना परिचय विचारताना मला काय वाटतं, हे मी कुणाला सांगू?"

मी रागानं गेले होते, आणि राग ठेवायला जागा उरली नाही. त्याचाच मला जास्त धक्का बसला. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. पेढे वाटले. सरांनीही एक घेतला.

पुढच्या जूनमध्ये जाहिरात आली आणि मी गेले. सर आले नव्हते. मुलाखत संपल्यासंपल्या मी आवारातूनच फोन लावला. ते अवसरी बुद्रुकच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. आठवी-नववीचे वर्ग, पण कायम नोकरी.

"सांगितलं नाहीत, सर."

"सांगितलं असतं तर तू मुलाखत सोडून दिली असतीस."

ते खरं होतं. त्या वर्षी सगळे तास मला मिळाले.

दिवाळीच्या सुमारास त्यांचाच फोन आला. आवाज मोकळा वाटला. म्हणाले, "सुट्टी लागली, आणि काय करायचं तेच कळत नाहीये."

"म्हणजे?"

"आजवरच्या सुट्ट्या नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये गेल्या. तासिकेला सुट्टीचं काही मिळत नाही, तुला माहीतच आहे. एका व्यापाऱ्याकडे क्रेट मोजून घ्यायचो."

मार्केटचं मला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर वर्गात आलेले सर आठवले. दरवर्षी काळवंडलेले असायचे. आम्ही मुली म्हणायचो, सर सुट्टीत कुठंतरी लांब फिरून येतात.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे, सर."

"उद्या बायकोला लेण्याद्रीला घेऊन जातोय. जुन्नरात जन्म गेला तिचा, पण लग्नानंतर एकदाही वर चढलेली नाही. पायऱ्या जमतील का म्हणून विचारत होती. सावकाश जाऊ, म्हटलं. घाई काय आहे?"